कोगनोळीवरनं माघारी

६ डिसेंबर

सीमेचं पुन्हा पेटलंय! गाडी कोल्हापूरला न्यायची का न्हाय, डेपोत कोण सांगायला तयार न्हाय. "पुढं परिस्थिती बघून तुम्हीच ठरवा." व्वा! मी बेळगाव-कोल्हापूर मारणारा साधा कंडक्टर, आज एकदम साहेब झालो.

सीमेवरच्या कोगनोळी नाक्याजवळ सगळ्यांचे मोबाईल वाजायला लागले. व्हिडिओ — पुढं कागलला बस फोडली, रस्ताभर काचा. ड्रायव्हर नागराज माझ्या तोंडाकडं बघतोय. "अण्णा, काय करायचं?" गाडीत लेकुरवाळ्या बाया. म्हटलं, फिरव माघारी.

शालूआक्का तेवढी उठून पुढं आली. निपाणीत चढते, आठवड्यातनं दोनदा, कोल्हापूरला डायलिसिसला. "मला हितंच उतरीव. जाते कशीबी. आज चुकवून चालत न्हाय रं!" पाय सुजून टम्म. असल्या बाईला रस्त्यावर कसं सोडू? "एका दिसानं काय हुतंय आक्का, उद्या जावा." निपाणी स्टँडला हात धरून उतरवली.

डेपोतले साहेब खूश. गाडीला ओरखडा न्हाय.

७ डिसेंबर

व्हिडिओ जुना निघाला! काल कागलात काय बी झालं न्हवतं. आज तर गाड्याच बंद.

९ डिसेंबर

शालूआक्का गेली.

तिची सून मंजुश्री स्टँडवर भेटली. भांडली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही तरी काय करणार," म्हणाली आणि गेली.

१० डिसेंबर

झोप न्हाय. बायको, पूर्णिमा, म्हणते, "गाडीभर माणसं सुखरूप आणलीसा, ते बघा की." बघतोय. पण एक डोक्यातनं जात न्हाय — त्या दिवशी कागलकडनं ट्रक येत होते. धडधडीत समोरनं, काचा शाबूत! एकाला हात करून विचारायला काय धाड भरली होती मला? लई राग येतोय स्वतःचा.

१९ डिसेंबर

पुन्हा तोच नाका, पुन्हा व्हिडिओ. नागराज म्हणाला, "नको अण्णा, फिरवूया." म्हटलं, थांब जरा. खाली उतरलो. कागलकडनं येणाऱ्या दोन ट्रकवाल्यांना विचारलं, एका दूधवाल्याला विचारलं. "रस्ता मोकळा हाय, बिनघोर जावा."

"चल नागराज. जबाबदारी माझी."

सुखरूप पोचलो! आज कोल्हापुरातच मुक्काम. नागराज चहा पिताना हसला, "अण्णा, घाबरवलंस मला." किती दिवसांनी जरा बरं वाटलं. असं करायचं — विचारायचं, मगच ठरवायचं. आक्काच्या वेळेला एवढं सुचलं असतं तर!

२० डिसेंबर

येतानाही उतरून विचारलं. ट्रकवाले मोकळा म्हणाले, आणि खोटं न्हाय बोलले. ते तिथनं निघून आल्यावर रस्त्यावर पोरं जमली. एकच दगड आला. नागराजचा डावा डोळा गेला.

त्याची बायको दवाखान्यात पळत आली. रडली न्हाय. मला एवढंच विचारलं — "मागच्या वेळेला फिरलासा की. मग काल हे फिरवूया म्हणत होते, तरी का न्हाय?"