सायरन वाजला तेव्हा घरात किती माणसं

श्री. निंबाभाऊंना हिलालचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता ओटा चढू देतो ना? नूतनवहिनींनाही नमस्कार सांगा.

"दाजी, तुमच्या त्या अणुभट्टीपाशी आम्ही काही येत नाही," असं तुम्ही फोनवर म्हणालात. तुमची ताई सरला गेल्यापासून, म्हणजे वर्षभर, हेच कारण ऐकतो आहे. म्हणून सविस्तर लिहितो. (फोन केला की तुम्ही नेहमी मोटारसायकलवर असता.)

सुरतेच्या पांडेसऱ्यात मी तीस वर्षं गिरणीत कापड रंगवलं. शिंकलो की रुमालावर आदल्या दिवसाचा रंग यायचा. तेव्हा सुरतेत धोका आहे असं तुमच्यापैकी कुणी म्हणालं नाही, उलट साड्या न्यायला जीप करून यायचात. सरला गेल्यावर त्या खोलीत करमेना, म्हणून इकडे काकरापारच्या भट्टीच्या बाजूला भाताच्या गोदामावर राखणीला आलो. हवा स्वच्छ, चहूकडे ऊस. भीती वाटते का? वाटते. जे दिसत नाही, ज्याला वास नाही, त्याची वाटणारच. साहेब लोक सभेत काळजी करू नका म्हणतात आणि त्याच सभेत आयोडीनच्या गोळ्या केव्हा घ्यायच्या तेही सांगतात. मी दोन्ही ऐकून घेतो.

भट्टीत अपघात झाला तर काय करायचं, याची गेल्या महिन्यात इथे रंगीत तालीम झाली. सायरन वाजला की दारं-खिडक्या लावायच्या, बस आली की शाळेत जायचं. मी डबा आणि रेशनकार्ड घेऊन पहिल्याच बसमध्ये. शाळेत यादी वाचली. हिलाल पाटील, हजर. सरलाबेन पाटील... निंबाभाऊ, यादी करणाऱ्या मुलीने घरात किती माणसं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून दोन निघालं होतं. पस्तीस वर्षांची सवय. नावंही सांगून बसलो.

"काका, बेन क्यां छे?" बाई कुठे, म्हणून यादी वाचणारी विचारू लागली. मी डबा छातीशी धरून दाराकडे बघत राहिलो. म्हातारा घाबरला असं समजून दोन स्वयंसेवक जीप घेऊन तिला शोधायला धावले. गोदामाला कुलूप, म्हणून उसात शिरून हाका मारल्या. तालीम पाऊण तास लांबली. बेपत्ता महिलेच्या शोधाचाही सराव झाला, म्हणून साहेबांनी भाषणात कौतुक केलं. शेवटी मी त्यांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर तिच्या नावावर रेघ मारली, तेव्हा मी रडलो. वर्षभरात तिला नावाने हाक मारणारे ते दोघे स्वयंसेवकच.

तर सुरक्षिततेचं म्हणाल, तर इथे माणूस सापडला नाही की शोधायला जीप निघते. पांडेसऱ्यात ही सोय नव्हती. बाकी सर्व ठीक.

तुमचा दाजी,
हिलाल

ता. क. तुम्ही भट्टीच्या भीतीनेच येत नाही, हे मी खरं धरून चाललो आहे. दुसरं काही कारण असेल तर कळवू नका.

ता. ता. क. आखाजीचा सण आठ दिवसांवर आला. दरवर्षी तुम्ही मुराळी होऊन तुमच्या ताईला माहेरी न्यायला यायचात आणि मी मागाहून पुरणपोळीपुरता यायचो. बासष्टीच्या जावयाला न्यायला मुराळी पाठवायची रीत नाही, ठाऊक आहे. माहेरवाशिणींसारखा झोक्यावर बसणार नाही, गाणी म्हणणार नाही. पिशवी भरून ठेवली आहे. इथवर यायची भीती वाटत असेल तर भट्टीपासून लांब, चलथाणला थांबा, तिथवर मी बसने येतो. पण न्यायला या.