सणाच्या ड्युट्या कशा लागल्या

थोरल्या जाऊबाईंना योंगजूहून धाकटीचा नमस्कार. वाकून केला आहे असं समजा; कंबर आता जेवढी वाकते तेवढीच वाकते.

भावोजींचा खोकला, तुमचे गुडघे आणि अंगणातलं बोरीचं झाड, तिघांची खुशाली कळवा. खोकल्याची जरा थोडक्यात कळवा, मागच्या पत्रात दीड पान खोकलाच होता. मी फोन केला नाही, कारण फोनवर मला भांडता येतं, समजावून सांगता येत नाही. अक्षर लावून वाचा. दुसरीपर्यंतच्या शाळेचं आहे, आणि तिथेही मी अर्धा वेळ धाकट्या भावाला पाठीला बांधून उभी असे.

आमचं बरं चाललं आहे. तुम्हाला ठाऊकच आहे, वर्षभर आमच्या दुकानाकडे कुत्रं फिरकत नाही आणि छुसकच्या सणाआधी तीन दिवस अख्खं गाव सोंगप्योन घ्यायला दारात उभं राहतं. तांदळाचं पीठ मळा, तिळाचं सारण भरा, पाइनच्या पानांवर वाफवा, सगळं हातानं. आणि नेमक्या त्याच तीन दिवसांत माझ्याकडच्या बायका आपापल्या सासरी पितरांच्या पानासाठी तळण करायला जातात. दरवर्षी मी एकेकीची हनुवटी धरते, एक थांबत नाही. गेल्या साली शेजारच्या चांभाराला बसवला होता. माणूस भला, पण त्याच्या हातच्या प्रत्येक सोंगप्योनला टाच होती.

म्हणून यंदा आमच्या सूनबाईने, युन-हाने, महिनाभर आधीच भिंतीवर कागद लावला. दिवसांचे रकाने पाडले आणि सांगितलं, जिला जी ड्युटी हवी तिथे तिने नाव लिहावं. (शिकलेल्या माणसाला वाटतं, रकाना पाडला की माणूस त्यात जाऊन बसतो.) मी म्हटलं, सणाच्या रकान्यात माशी तरी बसते का बघू. दोन दिवसांत तो रकाना भरून नावं समासात गेली. आठच्या आठ जणी, पहाटे पाचच्या ड्युटीलासुद्धा. सणानंतरचा आठवडा मात्र कोराच्या कोरा. मला वाटलं, बायांना काम आवडायला लागलं. म्हातारपणी डोक्यात असलं काहीही येतं.

मग सासवा सुरू झाल्या. पहिला फोन पिल-नामच्या सासूचा. पिल-नाम म्हणजे ती जाड भुवयांची, माझ्याकडे सगळ्यात जुनी. सासूबाईंनी माझी उलटतपासणीच घेतली, की सणाला सुट्टी मागितली तर कामावरून काढीन असा दम मी दिला हे खरं का, आणि आमच्या घराण्यात पितर असतात की नसतात. दुसऱ्या एकीचा नवरा येऊन दारात तासभर हात जोडून उभा. तिसरीची सासू तर नाशपातींची पेटीच घेऊन आली, सुनेला तेवढी सोडा म्हणाली. (नाशपाती गोड निघाल्या. सून सोडली नाही.) तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आठ घरांत मी कसाईण झाले आहे आणि त्याचा मलाच पत्ता नाही.

मी पिल-नामला समोर घेतलं. तिने पिठातून हातही काढला नाही. म्हणाली, “आजी, तेवीस वर्षं झाली त्या तव्यापुढे. जेवायची वेळ होईस्तोवर वासानंच पोट भरतं. इथे निदान बसायला मिळतं.” बाकीच्या सात जणी अशा कामाला लागल्या की जन्मात कधी लागल्या नव्हत्या. तेवढ्यात फोन वाजला. परत तिचीच सासू. पिल-नामचा हात तेव्हा मात्र थांबला. मी म्हणाले, “हो, मीच सोडत नाही तिला. मी फार वाईट बाई आहे, गावात कुणालाही विचारा.” आणि ठेवून दिला. यात काही खोटं नाही, साक्षीला तुम्ही आहातच.

पण नावं आठ आणि टेबलाभोवती जागा सहा. युन-हा म्हणाली, चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठीवर माझा विश्वास नाही, सासरही मला तसंच लागलं होतं. मी नियम केला की जिने सासरी जास्त वर्षं तळलं, तिला ड्युटी आधी, आणि जिला ती मिळाली तिने सणानंतरचा आठवडाही उचलायचा. तेवीस, सतरा, चौदा असं उतरत उतरत सहा जणी बसल्या. राहिल्या दोघी, एकीचं लग्न दोन वर्षांचं, एकीचं तीन. त्या रुसल्या. मी सांगितलं, वर्षं नुसती झोपून राहिलं तरी वाढतात, धीर धरा.

नावापुढे वर्षं लिहून नवा कागद भिंतीवर लागला. युन-हाने तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, “आई, तुमची किती?”

मी कधी मोजली नव्हती. चव्वेचाळीस भरली.

असो. बाकी ठीक. भावोजींना नमस्कार.

तुमची धाकटी जाऊ,
माल-न्यो

ता. क. नियम मीच केला, आता मोडता येत नाही. तिन्ही दिवस माझी ड्युटी लागली आहे, तेव्हा यंदा तळणाला तुमच्याकडे मोठ्या घरी मी येत नाही. भावोजींना सांगा, दुकानाची मालकीण सोडत नाही, फार वाईट बाई आहे. आमच्या ह्यांचंही पान तिथेच असतं, ते समजून घेतील. जिवंतपणी कधी घेतलं नाही, पण आता घाई तरी नाही.

ता. क. दुसरा. चांभाराचं टेबल मागून आणलं आहे, चार जागा आहेत. दोन त्या रुसलेल्यांना दिल्या, कारण रडकी तोंडं गिऱ्हाइकासमोर बरी दिसत नाहीत. एक माझी. चौथीवर तुमचं नाव लिहिलं आहे, पुढे एक्कावन्न. कागदात सगळ्यात वर तुम्हीच आहात. पहिल्या दिवशी पहाटे पाचला बसायचं आहे, म्हणून त्याच्या आदल्या दुपारची बस धरा. सणाच्या आदल्या संध्याकाळी पितरांपुरत्या सोंगप्योन बांधून देईन, त्या घेऊन परत जा, कुणी उपाशी राहणार नाही. भावोजी विचारतील तळणाचं काय, तर त्यांना म्हणावं, तवा उजव्या हाताच्या खालच्या फळीवर असतो. त्यांना ठाऊक नसेल.