न पाहिलेलं मशीन

३ जानेवारी
नोकरी लागली. कारण ऐकून हसावं की रडावं कळेना. मालकांनी विचारलं, "बड्या कंपनीचा कॉम्प्युटर कधी वापरलात?" नाही. "पाहिलात तरी?" दुकानाच्या काचेतूनसुद्धा नाही. मालक खुर्चीतून उठलेच.

त्या मशीनवर जे चालतं ते सगळं आमच्या स्वस्त मशीनवर चालायला हवं. पण त्यांचा आतला प्रोग्रॅम उतरवला तर चोरी. न बघता तसाच लिहिला तर तो आपला. म्हणून मी!

५ जानेवारी
पलीकडच्या खोलीत एक गृहस्थ ते मशीन उघडून बसलेत. ते काय करतं एवढंच चिठ्ठीवर लिहितात. वकील चिठ्ठी वाचतात, शिक्का मारतात, मग मला देतात. त्या गृहस्थांशी बोलायचं नाही. जिन्यात भेट झाली तर भिंतीकडे तोंड. आज झाली. दोघंही भिंतीकडे तोंड करून उभे – शिक्षा झाल्यासारखे.

९ फेब्रुवारी
घात झाला. ताईने नेमकं तेच मशीन घेतलंय. गल्लीभर सांगत सुटलीय. "बघायला ये." म्हटलं, येता येणार नाही, वकिलांची मनाई आहे. तर म्हणते, "सरळ सांग ना, तुला माझं चांगलं बघवत नाही."

बघवत नाही नव्हे गं, बघायचं नाही! पण फोन ठेवलेला.

२ मार्च
ताईचा अबोला. निरोप आईमार्फत. निरोप असा की काही निरोप नाही.

१८ एप्रिल
ताई घसरून पडली, पाय मोडला. आता जायलाच हवं. वकील म्हणाले, "मीही येतो."

ते आधी आत गेले. ताईने मशीनवर चादर घालूनच ठेवली होती. वकिलांनी वरून दोरी बांधली, गाठीवर लाख लावली, कागदावर सही केली – 'मशीन पूर्ण झाकलेले'. मग मला हाक. ताई म्हणाली, "पाय माझा मोडलाय आणि पंचनामा त्याचा." पण हात धरून ठेवला माझा. बरं वाटलं.

१ जुलै
चिठ्ठी: 'महिन्याच्या एकतीस तारखेला घड्याळ एक दिवस मागे जाते.' वकिलांमार्फत विचारलं, ही चूक आहे का? उत्तर शिक्क्यासह: 'चूकच आहे. तीही हवी.'

दिवसभर मी ती चूक नीट करत बसले. पहिल्यांदा दोन दिवस मागे गेलं. मालक नाराज. "त्यांचं एकच दिवस जातं."

११ नोव्हेंबर
चाललं! त्यांचे सगळे प्रोग्रॅम आमच्या मशीनवर. एकही अडला नाही. पलीकडचे गृहस्थ दारात आले. सवयीने दोघंही भिंतीकडे वळलो. वकील म्हणाले, "आता बघितलं तरी चालेल."

१४ नोव्हेंबर
बंदी उठली. कात्री घेऊन थेट ताईकडे. दोरी कापली, चादर ओढणार, तोच ताईने मनगट धरलं. म्हणाली, "खाली नुसतं खोकं आहे. हप्ते झेपेनात. मार्चमध्येच दुकानदार मशीन घेऊन गेला." मग चादर नीट करत, "वकिलांना सांगू नकोस हं. त्यांनी सही केलीय."