फौजदारांचा साखळीचा संडास

शहादे, ५ जानेवारी १९३८

कापूस ओला, म्हणून आमच्या कापसाच्या गिरणीत, जिनात, आज प्रेस बंद. दुपारी पेन्शनर फौजदारसाहेबांचा (यापुढे फौ.) निरोप आला, म्हणून गेलो. त्यांच्या माडीवर साखळीचा संडास आहे. अख्ख्या शहाद्यात एकच. डोक्यावर बिडाची पेटी, साखळी ओढली की पाणी धो धो खाली. मग पेटी पुन्हा भरेपर्यंत नळ असा धडधडतो की पिंजाऱ्याच्या दुकानापर्यंत ऐकू जातं. गल्लीत त्याला 'फौजदारनी तोफ' म्हणतात. ते कुणीतरी फौ.च्या कानावर घातलंय.

"आठ दिवसांत आवाज बंद. हसतात भडवे."

बोलताना हातातला पट्टा मांडीवर आपटत होते. पोलिसातला जुना, पितळी बकल.

घरी आलो तर भाजी खारट. बायकोच्या, कौतिकच्या, एक ठेवून दिली. मनात नव्हतं. हात उठला.

७ जाने.

दोष सापडला. पेटीत पाणी सोडणाऱ्या तोटीतलं चामडं झिजलंय. पाणी आलं की फडफडतं. त्यात नळ धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या निखळल्या आहेत, त्यामुळे नळ माडीच्या तुळईवर आपटतो. अर्ध्या दिवसाचं काम.

विहिरीवरून बादल्या भरून गच्चीवरची टाकी भरायला एक बाई आहे, ठुमली. तोरणमाळकडची पावरा आदिवासी. दिवसभर जिना चढते-उतरते. एक शब्द बोलत नाही.

निघताना जिन्यात माईंनी थांबवलं. माई म्हणजे फौ.ची बायको, पन्नाशीच्या. पदर भुवईपर्यंत ओढलेला.

"मिस्तरी भाऊ, आवाज तेवढा राहू द्या."

"पण साहेबांनी तर..."

"सामान मिळत नाही म्हणून सांगा."

कारण सांगितलं नाही. श्रीमंतांचं काही कळत नाही.

८ जाने.

आज कळलं.

गच्चीवर नळाच्या तोंडाशी बसलो होतो. खालून पट्ट्याचा आवाज. मग माईंचा. फौ. ओरडत होते, चहा गार दिला म्हणून. तेवढ्यात ठुमली धावत संडासात गेली. साखळी ओढली. धडधड सुरू. माझ्या हातातला नळ थरथरत होता आणि खालचं काहीच ऐकू येईना.

पेटी भरायला चार मिनिटं लागतात. भरली की ठुमली पुन्हा ओढायची. असं तीनदा. मग रिकामी बादली घेऊन विहिरीवर गेली.

गल्लीत कुणीतरी हसलं. तोफ सुटली म्हणाला.

९ जाने.

फौ.ना सांगितलं, सामान धुळ्याहून मागवावं लागेल.

"जिनात बॉयलर सांभाळतोस आणि चामड्याचा तुकडा मिळत नाही?"

बोलता बोलता पट्टा. बकल भुवईवर बसलं. डोळ्यात रक्त. माझ्या हातात दीड हात लांबीचा पाना होता. उचलला नाही. नुसता धरून उभा राहिलो.

कौतिकने जखम धुतली, हळद दाबली. तिला सगळं सांगितलं, साखळीचंसुद्धा. ती ऐकत होती. मग हात न थांबवता म्हणाली,

"तुम्ही माले मारतस तवय मी काय वढू? आपला घरमा त साखळी बी नही."

जेवलो नाही. मान वर करून तिच्याकडे बघताही आलं नाही.

११ जाने.

काल लिहिलं नाही. डोळा सुजलाय. दुरुस्ती केली तर माईंचं रडणं गल्लीभर. नाही केली तर असंच चालणार, माई मरेपर्यंत. कौतिकला विचारलं. असं मी तिला कधी विचारत नाही.

"माई कसाले लाजस? लाजाले त्याले जोयजे."

१२ जाने.

केलं. ऐकू दे गल्लीला. जिनातल्या यंत्राच्या जुन्या पट्ट्याचं चामडं कापून बसवलं, नळ चार ठिकाणी जखडला. आधी माईंना सांगितलं. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मग मी तोंडात पदर धरीन."

साखळी ओढून पाहिली. पाणी पडलं, पेटी भरली, हूं नाही की चूं नाही. फौ. खूश. पाठीवर थाप मारली. जखमेबद्दल काही नाही.

१५ जाने.

 

बाजारचा दिवस. मी पिंजाऱ्याकडे गादीला गेलो होतो. पट्ट्याचा पहिला फटका तिथपर्यंत आला. मग पाणी पडल्याचा आवाज, म्हणजे ठुमलीने साखळी ओढली. सवयीने. मग शांत. आणि त्या शांततेत माई. पदर सुटला असणार तोंडातला.

पिंजाऱ्याची धनुकली थांबली. बाजाराला आलेल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन उभ्या राहिल्या. सगळे वर बघत होते. कुणीतरी म्हणालं, "त्यासना घरनी गोट शे." घरातलं भांडण म्हणून कुणी हललं नाही. दहाएक फटके झाले तोवर मीही हललो नाही, ते खरं लिहायला हवं.

मग धावलो. वर माई पालथ्या, पाठीवर फौ.चा गुडघा. मनगट धरलं. म्हातारा, पण ताकद बैलाची. मला भिंतीवर आपटलं, पट्टा गळ्याभोवती टाकून आवळला. श्वास बंद. त्याचे दात दिसत होते, एवढंच आठवतं.

मग लोखंडाचा आवाज. ठुमलीने भरलेली बादली फिरवली होती. जबड्यावर. पट्टा सुटला. फौ. गुडघ्यावर आले, तिने दुसऱ्यांदा मारली. हाड मोडल्याचं ऐकलं मी. जमिनीवर पाणी, पाण्यात रक्त, दोन दात. तिसऱ्यांदा तिने दोन्ही हातांनी बादली डोक्यावर उचलली. तेव्हा माई पडल्या पडल्या म्हणाल्या,

"पुरे गं."

ठुमलीने बादली खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं आणि जिना उतरून बाजारातून निघून गेली. लोकांनी वाट दिली.

१६ जाने.

डॉक्टरांनी फौ.चा जबडा बांधला. बोलता येत नाही. ठुमली म्हसावदच्या पुढे डोंगरात गेली म्हणतात. माई येईल त्याला सांगतात, संडासात पाय घसरला.

संध्याकाळी जमादार आला. फौ.नी पाटीवर लिहून दिलंय, मिस्तरीने मारलं.

आधी कळेना. मग कळलं. जन्मभर ज्याला जिल्हा घाबरला, त्याने पाणी भरणाऱ्या बाईने जबडा फोडला असं लिहायचं कसं?

१७ जाने.

उद्या नऊ वाजता ठाण्यात जबाब. माझा आणि माईंचा. खरं सांगितलं तर ठुमलीमागे डोंगरात माणसं पाठवतील. नाही सांगितलं तर मी आत. घसरले म्हटलं तर फौ. बरे होतील आणि पुन्हा पट्टा...

माईंकडे गेलो. दारातच भेटल्या. आज पदर खांद्यावर. चेहरा निळा, एक ओठ फाटलेला. पहिल्यांदाच पूर्ण चेहरा पाहिला.

"मिस्तरी भाऊ, मी काय सांगू?"

"तुम्हाला वाटेल ते, माई."

"मला वाटेल ते..." एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

कौतिकने विचारलं, "तुम्ही काय सांगशात?" टोपी झटकून खुंटीला लावली. 

१८ जाने., सकाळी

कौतिक माईंना आणायला गेली होती. एकट्या कशा जातील म्हणाली. आता दोघी रस्त्यावरून येताना दिसताहेत. पिंजारी दुकानातून उठून उभा राहिलाय.

माई आमच्या दारापाशी थांबल्या, पदर आजही खांद्यावर. कौतिकला हळू आवाजात काहीतरी सांगताहेत. कौतिक ऐकते आहे आणि माझ्याकडे बघते आहे.

टोपी घातली. पट्ट्याचं सांगणार, बादली कुणी फिरवली ते नाही. निघतो.