चिठ्ठी निघेल ती विहीर

पेडगाव, ३ एप्रिल १९८३
आलो बुवा! मास्तरकी संपल्यावर पुन्हा नोकरी. गावच्या चार विहिरींत फीत सोडायची, पाणी किती खोल ते टिपायचं. भागम्माबाईंनी महादेवाच्या देवळामागची खोली दिली. चौथी विहीर अंगणातच. काठावर उभं राहिलं की चौथीच्या पुस्तकातली झऱ्याची कविता ओठांवर येते. पोरं कशी ताल धरून म्हणायची!

६ एप्रिल
भूजल खात्याचे आमचे साहेब दिनकरराव आले होते. प्रत्येक विहीर आपल्या मनाची, दुसरीशी तिचा संबंध नाही, असं धरून त्यांनी पाण्याचा हिशेब मांडलाय. ते खरं का, एवढंच तपासायचं.

१४ एप्रिल
भर उन्हाळ्यात चारींचं पाणी चढायलंय! मास्तर, फीत उलटी धरता काय, म्हणून साहेब हसले. मग म्हणाले, चूक तुमची की विहिरींची ते बघू, टोपीत चारींच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका, रोज एक काढा. निघेल तीच विहीर तुम्ही मोजा, बाकीच्या भागम्माबाई मोजतील.

२२ एप्रिल
चिठ्ठी निघते तीच चढते. बाकीच्या उतरतात. म्हणजे विहिरींचा एकमेकींशी संबंध नाहीच. आहे तो माझ्याशी. भागम्माबाई म्हणाल्या, लय वाकू नका मास्तर, तीबी तुमाला बघायलीय.

२७ एप्रिल
नोकरी सोडून ताडकळसला लेकीकडे, सुलाकडे गेलो. होळीपासून कोरडी तिची विहीर माझं जेवण होईस्तोवर काठोकाठ. नात गीता वाकून बघत होती. आजोबा, पाण्यात तुमीच हाव की, म्हणाली.
मी ओट्यावर होतो.
कुणाला न सांगता परत पेडगावची एसटी धरली. इथं निदान लेकरू नाही.

३० एप्रिल
दार लावून बसलोय. मी बाहेर पाऊल टाकलं की अंगणातलं पाणी चढतं, आत आलो की थांबतं. कविता म्हणू गेलो, दुसरी ओळ आठवेना — बाहेरून कुणीतरी म्हटली. माझ्याच आवाजात.

१ मे
पाणी काठाला यायला आता हातभरच उरलंय. बाहेर नको. बाहेर नको —

२ मे
सुला आलीय, मला न्यायला. गीताला घेऊन. अप्पा, दार उघडा की, म्हणून रडायलीय. जा म्हणालो, ऐकत नाही —
गीता विहिरीकडं पळाली. तिला हाक आली. आवाज माझा — मी नाही — गेलो तर पाणी वर — न गेलो तर ती —
कडी काढतोय. सुला, धर तिला, ध