खांद्यावरचा हात

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते, त्यामुळे मी पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत नाही. मी अमेरिकेत, ओहायोमधल्या एका वर्तमानपत्राच्या फोटो विभागात काम करते. रोज जगभरातून फोटो येतात. त्यातले मोजके निवडायचे, मापात बसवायचे, खाली दोन ओळी लिहायच्या. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि आई अजून शेजारच्या काकूंना सांगते की पोरगी एवढी शिकली, सातासमुद्रापार गेली आणि शेवटी बापाचाच धंदा करते. गेल्या महिन्यापर्यंत मला ते ऐकून बरं वाटायचं.

आपल्या स्टुडिओत लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो निघायचे, पण मला आठवतात ती मयताच्या फोटोसाठी आलेली माणसं. घरातलं कोणी गेलं आणि त्याचा एकही सुटा फोटो नाही, म्हणून कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो पिशवीत घालून ती यायची आणि गर्दीतल्या एका नखाएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवायची. तुम्ही तो चेहरा उचलून मोठा करायचात. आजूबाजूची माणसं, मांडवाचे खांब, खांद्यावर पडलेले हात पुसून मागे निळा रंग भरायचात. एक म्हातारी नवऱ्याचा फोटो घेऊन काउंटरसमोर बसली आहे. "कोट घाला त्यांना," ती म्हणते. तुम्ही विचारता, "आजी, आजोबांनी जन्मात कोट घातला होता का?" "नव्हता घातला, म्हणून तर म्हणते. आता कुठं फाटणार हाय?" सगळं दुकान हसलं, तीही हसली, आणि तुम्ही कोट घातलात. कॉम्प्युटर आल्यावर हे काम तुम्ही मला शिकवलंत. नववीत असताना मी एका बाईच्या गालावरची चामखीळ पुसली, छान दिसावी म्हणून. तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर ओरडलात. "तिच्या लेकींना विचारलंस? न विचारता केसालासुद्धा हात लावायचा नाही!" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

गाझातलं युद्ध सुरू झाल्यापासून आमच्या फोटोंबद्दल सतत पत्रं येतात, फोन येतात. दोन्ही बाजूंच्या लोकांना वाटतं की आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. पहिल्या दिवशीच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये ज्यांची भाची मारली गेली, असे एक वयस्क गृहस्थ इथे राहतात. तिचा सायकलवरचा हसरा फोटो आम्ही मोठा छापला होता. ते अजून फोन करतात आणि म्हणतात, "ती गेली त्या आठवड्यात आम्ही माणसं होतो. त्यानंतर तुमच्या पानावर आमचे फक्त रणगाडे दिसतात." आणि एक पॅलेस्टिनी बाई आहे, माझ्याहून थोडी मोठी, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. ती थेट ऑफिसात आली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "त्यांच्या मेलेल्यांना तुमच्याकडे चेहरे आहेत. आमच्यांना चादरी."

त्या रविवारी मी तीन महिन्यांची पानं घरात जमिनीवर अंथरली आणि त्यांच्यामधून गुडघ्यांवर फिरले. त्या गृहस्थांच्या म्हणण्यात तथ्य होतं आणि त्या बाईच्या म्हणण्यात तर फारच. एका बाजूचे मेलेले वाढदिवसाच्या केकमागे उभे होते, नावानिशी. दुसऱ्या बाजूचे पांढऱ्या कापडात, रांगेने, बिननावाचे. कुणी ठरवून केलं नव्हतं. इस्राएलमधून घरच्यांनी पाठवलेले अल्बममधले फोटो येत होते आणि गाझातून फक्त इस्पितळाच्या दारातले. पण निवडणाऱ्यांत मी होते, आणि तीन महिने मला ते दिसलं नव्हतं. मी संपादकबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तसे फोटो आण. मी छापते."

मी त्या बाईकडे तिच्या बहिणीचा फोटो मागितला. बहीण शाळेत शिकवायची, घर कोसळलं त्यात गेली. तिचा सुटा फोटो नव्हता. लग्नातला होता. भरतकाम केलेला काळा झगा, एका बाजूला झुकलेली मान, हसू फुटायच्या बेतात. शेजारी भाऊ, त्याचा हात तिच्या खांद्यावर. मी तो चेहरा उचलला. भाऊ गेला, हात गेला, हाताखालचं भरतकाम मी शेजारून उचलून भरलं. सकाळी फोटो छापून आला, नावासकट. त्या बाईचा फोन आला. "आज पहिल्यांदा ती माझ्या बहिणीसारखी दिसली," एवढंच म्हणाली. भावाबद्दल काही बोलली नाही.

दुपारी कुणीतरी त्या बाईने सोशल मीडियावर टाकलेला मूळ फोटो आणि आमचा फोटो तिथेच शेजारी शेजारी लावले. खांद्यावर भरतकामाचं एकच फूल तीनदा आलं होतं. संध्याकाळपर्यंत फोटो खोटा होता, रात्रीपर्यंत ती बहीणच खोटी होती. अशी कुणी शिक्षिका नव्हतीच, कुणी मेलंच नाही, हे सगळं रचलेलं आहे. बाबा, बातमीच्या फोटोतला धुळीचा कणसुद्धा पुसायचा नसतो. इथल्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. नवीन येणाऱ्यांना मी स्वतः ते शिकवते.

संपादकबाईंनी खोलीत बोलावलं. "कुणी केलं?" "मी." "का?" मी त्यांना तुमच्या स्टुडिओचं सांगितलं. म्हातारी, कोट, निळा रंग. म्हटलं, लहानपणापासूनचा हात आहे, आपोआप झालं. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुझे वडील मायेनं करत असतील. आपल्या धंद्यात याला खोटं म्हणतात." नोकरी राहिली. वेबसाइटवरून फोटो काढून टाकला. छापलेल्या खुलाशात तुमच्या स्टुडिओचा उल्लेख आला, आणि तो वाचून काही लोकांनी चक्क प्रेमाची पत्रं पाठवली. गाझातल्या कुटुंबांकडून फोटो घेणं मात्र आता बंद. त्या गृहस्थांचाही फोन आला. "आता लोक मला विचारतात, सायकलवरची मुलगी तरी खरी आहे का." मग त्यांनीच फोन ठेवला.

माझी रूममेट पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती म्हणते, "यार, मिस्टेक झाली, करेक्शन दिलं, आता मूव्ह ऑन कर ना. तू काय युद्ध थांबवणार होतीस?" मी म्हटलं, युद्ध नाही गं, एक बाई होती, ती मी नाहीशी केली. तिने माझ्यापुढे चहा ठेवला. आज पुन्हा फोटो आले. चादरी, रांगेने. मी त्यातला एक निवडला, कारण दुसरं काही नव्हतं, आणि खाली आकडा लिहिला. रोज सकाळी वाटतं की आता स्क्रीन उघडूच नये. रोज उघडते.

हे पत्र खरं तर त्या फार्मासिस्ट बाईला लिहायला घेतलं होतं. तीनदा सुरुवात केली आणि चौथ्यांदा कागदावर तुम्ही आलात. तिला हे पाठवता येणार नाही. फोटोतला तो भाऊ उंच आहे. दाट काळी दाढी, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारे डोळे, मनगटावर जाड घड्याळ. तो अजून तिकडेच एका तंबूत आहे. फोटो उघडला तेव्हा मी आधी त्याच्याकडे बघितलं. मनात आलं की आमचे वाचकही आधी याच्याकडेच बघतील, याला घाबरतील, आणि मग तिच्या मरणाबद्दल त्यांना तेवढं वाईट वाटणार नाही. म्हणून मी त्याला काढला. विचार करून, अर्धा तास लावून. तेव्हा मला तुमची आठवणसुद्धा आली नव्हती. तुमचा स्टुडिओ मला आठवला तो दुसऱ्या दिवशी, माझ्या टेबलापासून संपादकबाईंच्या खोलीपर्यंत चालत जाताना.

खुलासा वाचून त्या बाईने फोन केला होता. म्हणाली, "तुझे वडील चांगले माणूस असणार. चूक सवयीची होती, मी समजू शकते." मी थँक यू म्हटलं.