सहाशे चाळीस तारांचा अंबाडा

वर्धा,
रविवार, १४ एप्रिल १९५७

तीर्थस्वरूप सौभाग्यवती कौशल्यामावशीच्या पायाशी कोकिळेचा डोकं टेकवून नमस्कार. (डोकं सध्या जपूनच टेकवते, कारण पुढे येईल.) आर्वीला सगळे खुशाल असतील, मावसाजींचा गुडघा त्यांना घेऊन चालत असेल आणि म्हैस एकदाची व्याली असेल अशी आशा आहे. पत्र पेन्सिलीनं लिहिलं म्हणून रागावू नको. घरातली शाई संपली. एका दिवसात आठ वड्यांची शाई संपली. तेही पुढे येईल.

मागच्या पत्रात तू दोन गोष्टी विचारल्या होत्या. पहिली, शिवणक्लास कसा चालला. उत्तम चालला. चार महिन्यांत झबलं झालं, परकर झाला, आता पोलक्याच्या बाहीवर आहे. बाई म्हणतात, माझी डावी बाही सुरेख येते आणि उजवी येतच नाही. परीक्षा वीस मेला आहे. तोवर उजवी आली तर ठीक, नाहीतर पदर उजव्या खांद्यावर घेणाऱ्या एखाद्या मारवाडीणबाईचं पोलकं शिवीन, झाकून जाईल. दुसरी गोष्ट तू विचारली माझ्या केसांची. त्याचं काही नाई. येऊन राह्यले. खांद्याले टेकले. मले त्यांचं काही वाटत नाई, तूच मनाले लावून घेतलं. आता कामाचं लिहिते.

काल बाबांचं कार्ड आलं. चार ओळींचं. येत्या शनिवारी येतो, कोकिळेचं सामान बांधून ठेवा, शिवण पुरे झालं, बाकी क्षेम. परीक्षेच्या एक महिना आधी. आणि एकदा का त्यांनी वडनेरला नेलं, की मग मले घराबाहेर काढतील ते सरळ मांडवातच. हे सगळं वडनेरच्या तानबाजींच्या जिभेनं झालं. आई गेल्यापासून बाबा साऱ्या दुनियेत तुझा एकटीचा शब्द ऐकतात (तोही तू दोनदा बोललीस तर), म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं तुले लिहून राह्यली. मी पाचवीतून शाळा सोडली हे खरं, पण त्यामुळेच खोटं लिहिण्याइतकं शिक्षण मले झालं नाई.

तर आधी शहराची फॅशन म्हणजे काय ते सांगते, नाईतर तुले वाटेल वर्ध्याच्या पोरी बिघडल्या. बिघडायले त्यांच्यापाशी वेळच दहा मिनिटांचा असतो. रविवारी संध्याकाळी सगळं वर्धा आंघोळ करून, पावडर लावून, फलाटाचं तिकीट काढून स्टेशनावर फिरायले जाते. तिथं मद्रासहून दिल्लीले जाणारी गाडी थांबते, इंजिन पाणी पिते, आणि तेवढ्या वेळात आमच्या इकडच्या बाया या टोकापासून त्या टोकापर्यंत डब्यांच्या खिडक्यांतून बसलेली फॅशन पाहून घेतात. गाडी सुटली की फॅशन वर्ध्यात राहते. एका रविवारी एका बाईनं डोळ्यावर ऊन येते म्हणून डोक्याले रुमाल बांधला होता. पुढच्या रविवारी फलाटावर डोक्याडोक्याले रुमाल, आणि ऊन कवाचंच बुडालं होतं. दुसऱ्या एकीच्या एकाच कानात डूल होतं. मले तर वाटते बिचारीचं दुसरं प्रवासात पडलं असेल, पण विमलानं घरी येऊन आपल्या एका कानातलं काढून डब्यात टाकलं. (विमला म्हणजे नानाजीमामाची पोरगी, तुझीच भाची. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठी आणि अकलेनं सहा वर्षांनी, हे तिचं मत.) नायलॉनचं तर विचारूच नको. वर्ध्याच्या एप्रिलात नायलॉन नेसणं म्हणजे आपल्याभोवती आपणच चूल बांधून घेणं. पण शेजारची मंदाबाई नेसते. घामानं साडी पाठीले चिकटते आणि ती म्हणते, याले फिटिंग म्हणतात. उंच टाचांच्या चपला घालून ती बाजारात गेलती, तर एक टाच नालीच्या फटीत राह्यली. येताना ती अशी चालत होती की मागच्या बाईले वाटलं हीसुद्धा फॅशनच आहे, तर तीही तशीच चालू लागली.

मले या सगळ्याचा वीट आहे हे तू जाणतेस. मी साधी. हिंगणघाटले ताईकडे सहा महिने राह्यली, तुझ्याकडे आठ, मधात गिरडच्या यात्रेत चार दिवस हरवली (ते हरवणं नव्हतं, पाळणा बघून राह्यली होती, पण ते जाऊ दे), कुठं कधी पावडर लावली काय. असो, मी कुठं होती. हां, अंबाडा.

पंधरा दिवसांमागं त्या गाडीच्या खिडकीत एक अंबाडा दिसला. बाई दिसली नाई, ती पाठमोरी होती. अंबाडा पपईएवढा, तुकतुकीत, असा की त्याच्यावर पेला ठेवला तर सांडणार नाई. गाडी सुटली, बाई दिल्लीले गेली, आणि तिचा अंबाडा विमलाच्या डोक्यात बसला. आता विमलाचे केस विरळ. (तू पाहिले तेव्हा कमरेपर्यंत होते ते मले माहीत आहे. शहरच्या पाण्यानं गेले.) विरळ केसांचा अंबाडा लिंबाएवढा होतो. त्याले आतून भरती पाहिजे. गंगावन घरात नाई. घरात काय आहे, तर मामाचं सूत.

मामाचं तुले ठाऊक आहे. सेवाग्रामच्या हवेतले, सकाळी तोंड धुवायच्या आधी चरखा. वर्षभर कातायचं, गुंड्या करून ट्रंकेत ठेवायच्या आणि चैत्रात खादी भांडारात देऊन त्याच्यावर धोतरजोडी आणायची. एका गुंडीत सहाशे चाळीस तार, एक तार चार फुटांचा. पण मामाचं सूत भांडारात प्रसिद्ध आहे ते तुटण्याबद्दल. गुंड्या पारखून घेणारे हरिदासजी दर साली सगळ्यांसमोर एक तार दोन बोटांत धरतात, नुसता श्वास सोडतात, आणि तो तुटतो. मामा घरी येऊन चरख्याले तेल देतात.

तर त्या ट्रंकेतली एक गुंडी विमलानं काढली. पांढरी गुंडी काळ्या केसांत कशी चालेल, म्हणून मामाच्या शाईच्या आठही वड्या पाण्यानं भरलेल्या गंजात कालवून गुंडी रात्रभर बुडवली आणि दोन दिवस वाळवली. कालचा सोडून मागच्या शनिवारी दुपारी ती डोक्याले बांधली, वरून केसांची झालर ओढली, जाळी लावली. आरशात पाह्यलं तर दिल्लीची गाडीच समोर उभी. वजन मात्र असं की मान आपोआप मागं जाय, त्यामुळं चालण्यात एक ऐट आली. (मानेले काय वाटते हे मले कसं ठाऊक, तर बहिणीचं बहिणीले कळते.) मामानं सांगितलं होतं, उरलेल्या अकरा गुंड्या घेऊन, म्हणजे त्यांच्या हिशेबानं बारा, संध्याकाळी भांडारात या, मी शाळेतून परभारे तिकडं येतो. भांडाराच्या वाटेवर टॉकीज आहे. ती वाटेवर कोणी बांधली त्याले विचारा, मले नाई.

सिनेमाले मी गेली ती फक्त विमलाले एकटं सोडू नये म्हणून. बायांची जागा पडद्याआड, अर्ध्या खुर्च्यांचे खिळे वर आलेले, आणि लेकरं अशी रडतात की नायिकेले रडायची गरजच पडत नाई. ती नायिका म्हणे कास्तकाराची पोरगी. कापूस वेचायले येते ती इस्त्रीच्या साडीत, टोपली रिकामी, कापसाचं बोंड नखाले लागत नाई, आणि एक बोंड वेचून तीन कडवी गाणं म्हणते. आमच्या वडनेरच्या शेतात हिले एक दिवस सोडली तर संध्याकाळी मजुरीऐवजी हिलेच बांधावर ठेवून येतील. मी हे जरा मोठ्यानं बोलली तर पुढची बाई वळून म्हणाली, “वो बाई, तुमच्या डोक्यानं मागच्यायले दिसत नाई, आन् तुमच्या तोंडानं पुढच्यायले ऐकू येत नाई.” (डोक्याचं ती विमलाले म्हणाली.)

सिनेमा सुटला. आम्ही उठलो, गुंड्यांची पिशवी घेतली, निघालो. गुंडीचं एक टोक अंबाड्यातून लोंबत होतं आणि ते खुर्चीच्या खिळ्यात अडकलं होतं, हे कोणाले दिसणार. आम्ही टॉकीजच्या दारातून बाहेर, पानठेल्यावरून पुढं, सायकलवाल्याच्या दुकानावरून वळून, आपल्या बोलत बोलत. विमलाची मान हलकी हलकी होत गेली. तिले वाटलं, सिनेमा पाहून मन हलकं झालं. घामानं शाई उतरून पाठीवर निळे ओघळ आले, तेही तिले वारा लागल्यासारखं गारच वाटलं. मागं लोक हसून राह्यले होते. आम्ही म्हटलं, अंबाडा पाहून राह्यले.

तेवढ्यात तानबाजी. कचेरीच्या कामानं वर्ध्याले आले, भाड्याची सायकल घेतली, आणि मामाचं सूत त्यांच्या साखळीत गेलं. उतरले, ओढलं, तुटेना. दातानं तोडून पाह्यलं, तुटेना, जीभ निळी झाली. मग माणसानं सोडून द्यावं की नाई, पण वडनेरचा माणूस. सायकल तिथंच आडवी टाकून, सूत हाताले गुंडाळत गुंडाळत आमच्यापर्यंत आले आणि म्हणाले, “थांब वो पोरी, तुह्यं डोकं उसवून राह्यलं.” मग चेहरा पाह्यला. “अरे, हे तं आपल्या रूपरावची कोकिळा.”

आता इथंच खरी चूक झाली, मावशी. आम्ही दोघी उंचीनं सारख्या, दोघींचे पदर निळे, आणि तानबाजींची नजर तुले ठाऊकच आहे. मागं पोळ्याले त्यांनी दुसऱ्याच्याच बैलाले ओवाळलं होतं. अशा माणसाच्या साक्षीवर बाबा सामान बांधायले सांगतात.

मामा समोर भांडाराच्या पायरीवरच उभे होते, शेजारी हरिदासजी. मामानं आमच्याकडे पाह्यलंच नाई. तानबाजींच्या हातातलं सूत चिमटीत धरलं, चष्मा वर केला आणि हळूच म्हणाले, “हे सूत माह्यं आहे.” हरिदासजी म्हणाले, “नानाजी, तुमचं कसं असंल? तुमचं तं ताकडीवर ठेवासाठी उचललं तं तुटते.” मामा सूत धरून त्याच्या मागानं उलटे निघाले. सायकलवाला, पानठेला, टॉकीजचं दार. जन्मात कधी टॉकीजची पायरी न चढलेले मामा थेट बायांच्या जागेत शिरले, डोअरकीपर मागं ओरडत, आणि खिळ्यापाशी जाऊन टोक सापडलं तेव्हाच थांबले. परत आले ते पावलं मोजत. “चारशे अकरा पावलं, हरिदास. एक गाठ नाई. सायकल गेली वरून, तरी एक गाठ नाई.” हरिदासजींनी सूत दोन बोटांत धरलं, श्वास सोडला, मग ओढलं, मग दोन्ही हातांनी ओढलं. शेवटी म्हणाले, “शाईनं पक्कं झालं असंल.” मामा म्हणाले, “लिहून घे. शाईनं झालं असं लिही, पण लिहून घे.”

घरी येईपर्यंत मामानं रागवायचं ठरवलं होतं, पण चेहरा साथ देईना. शेवटी एवढंच बोलले की शाईत गेली ती गुंडी पुरी कातून द्या, सहाशे चाळीस तार. मी रोज वीस कातते. आजवर एकशे चाळीस झाले. आता तूच हिशेब कर, शनिवारी मले नेलं तर मामाचं केवढं नुकसान. शिवाय विमलाचं काय. या फॅशनच्या, सिनेमाच्या, रविवारच्या फलाटाच्या नादातून तिले सांभाळायले घरात एक साधी मुलगी पाहिजेच. म्हणून मी परीक्षेपर्यंत मन मारून इथंच राहायले तयार आहे. मावसाजींना, म्हशीले आणि व्याली असेल तर रेडकालेही माझा नमस्कार.

तुझी आज्ञाधारक,
कोकिळा

ता. क. शुक्रवारीच येजो. आर्वीच्या छोट्या गाडीनं पुलगाव, तिथून वर्धा. बाबा शनिवारी दुपारी येतात. त्यांच्या आधी तू ओसरीवर बसलेली पाहिजे.

ता. क. दुसरा. पत्र विमलानं वाचलं. ती म्हणते, तिचे केस कमरेखाली आहेत हे आर्वीले येऊन दाखवायले ती तयार आहे. तानबाजींची नजरही चांगली आहे. अंबाडा माझ्या डोक्यावर होता. गाडीतल्या बाईचा मलेच आवडला होता. क्लासात पोरी मले शेंडी म्हणतात. नुसतं म्हणतात, त्याचं काही नाई.

ता. क. तिसरा. गेल्या साली मुदतीच्या तापात तू माझी वेणी कापली, तेव्हा मले वाटलं तू फेकली. मामी म्हणते, फेकली नाई, धुऊन, वाळवून, जुन्या लुगड्याच्या पदरात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि कोणाले हात लावू देत नाईस. मले ती हवी आहे. गंगावन मी स्वतः करीन, तेवढं शिवण मले येते. येताना पिशवीत वर ठेवजो, खाली चेंदेल.

आणि बाबांना सांगशीलच तर खरं सांगजो, की रस्त्यावर डोकं उसवलं ते कोकिळेचंच. पण तुटलं नाई, हेही सांगजो.